पथ्य कोणी कोणास सांगावे?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, चतुर्थी पंधरा दिवसांवर आली असता, आमच्या मंडळाकडे एक वेगळेच काम आले. आरोग्यक्षेत्रात तळमळीने वावरणाऱ्या काही मंडळींनी पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत साठीपुढील स्त्रीपुरुषांसाठी एक मोहीम योजिली होती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात या दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या व्याधींना आळा घालावा, निदान त्यांचे पाऊल मंद करावे, हा तिचा हेतू. गावागावांतील देवळांच्या मंडपांत तपासणी व्हायची होती आणि त्यासोबत घरोघर वाटण्यासाठी सोप्या मराठीत एक पत्रक हवे होते. मराठी लिहिणारे म्हणून ते आमच्याकडे सोपविण्यात आले.

आम्ही ते मोठ्या उत्साहाने लिहिले. मीठ जास्त खाऊ नये, साखर खाऊ नये, तळलेले खाऊ नये, तंबाखूस शिवू नये, बसून राहू नये, औषध चुकवू नये. भाषा शुद्ध होती, अक्षरे ठसठशीत होती. छापण्यापूर्वी ते कोणा वडीलधाऱ्यास दाखवावे म्हणून आम्ही पेडणे महालातील एका जुन्या घरी गेलो. घर मोठे, चौक मोठा, आणि राहणारी एकच, ऐंशी ओलांडलेली माई. मुलगे परमुलखात, लेक सासरी. माईंनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबांनो, काय खाऊ नये ते सगळे यात आहे. आमच्याबरोबर जेवायला कोण बसेल, ते मात्र कुठे दिसत नाही."

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. त्या एका वाक्याने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला, त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे. म्हाताऱ्या माणसाने कसे जगावे, हे त्याला सांगण्याचा अधिकार समाजाला आहे काय? असल्यास तो कशातून येतो, आणि त्याची मर्यादा कोणती?

प्रश्न काल्पनिक नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशातील राज्यांमध्ये साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण केरळात सर्वाधिक होते. त्याच्या खालोखाल गोव्याचा क्रम होता, शंभरांत सुमारे अकरा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर टप्प्याटप्प्याने जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. दर चार प्रौढांमागे एक, असा हा हिशेब आहे. चतुर्थीच्या पंक्तीला बारा पाने मांडली, तर त्यांपैकी तिघांच्या पानावरील नेवरी ही केवळ नेवरी राहत नाही.

आपल्या पूर्वजांची भीती वेगळी होती. त्यांना देवी, पटकी, हिवताप ठाऊक होते. साथींनी जर्जर झालेले जुने गोवे हळूहळू ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४२ मध्ये, पणजीत वैद्यकशाळा स्थापन झाली; बांबोळीचे आजचे वैद्यकीय महाविद्यालय तिचाच वारसा सांगते. त्या काळी माणसे म्हातारपण येण्यापूर्वीच जात. आज ज्यांना आपण दीर्घकालीन व्याधी म्हणतो, त्या एका अर्थी दीर्घायुष्यावरची पट्टी आहेत. आयुष्य वाढले, म्हणूनच ती भरण्याची वेळ आली. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु पट्टी कोणावर किती बसते आणि कोण ती भरतो, हा प्रश्न मात्र न्यायाचा आहे.

साथीच्या रोगाच्या बाबतीत समाजाचा अधिकार समजण्यास सोपा आहे. देवीची लस न टोचून घेणारा मनुष्य शेजाऱ्याच्या मुलालाही धोक्यात टाकतो. म्हणून त्याच्यावर सक्ती करणे समर्थनीय ठरते. आगरकरांच्या पिढीवर ज्याचा मोठा प्रभाव होता, त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात हीच मर्यादा आखून दिली: दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी व्यक्तीवर बंधन घालता येते, केवळ तिच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही. आता माईंच्या पानावरील मिठातल्या कैरीने कोणा शेजाऱ्याचा रक्तदाब वाढत नाही. मग त्या कैरीविषयी बोलणारे आम्ही कोण?

यावर एक उत्तर हमखास दिले जाते. मनुष्य एकटा आजारी पडत नाही. घर आजारी पडते. अर्धांगाने पडलेल्या सासऱ्याचे अंथरूण सून बदलते, रक्तशुद्धीसाठी आठवड्यातून दोनतीनदा इस्पितळात न्यावयाचे तर मुलाची रोजी बुडते. हे सर्व खरे आहे, आणि ही सेवा बहुधा घरातील बायकाच निमूटपणे करतात, हेही खरे आहे. तथापि हा युक्तिवाद आम्हांस धोक्याचा वाटतो. 'तुम्ही आजारी पडाल तर आम्हांला त्रास होईल' असे वडीलधाऱ्यांना सांगणे म्हणजे त्यांना ओझे ठरविणे होय. ज्यांनी बागायती राखल्या, मुले शिकविली, त्यांच्या आरोग्याची किंमत आपल्या सोयीने करणे हे पथ्य नव्हे, हिशेब आहे. वृद्धांसाठीची जी मोहीम या पायावर उभी राहील, ती त्यांच्या मनात फार तर अपराधाची भावना निर्माण करील.

दुसरे उत्तर याहून जुने आहे. चरकसंहितेने वैद्यकाची दोन प्रयोजने सांगितली. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे पहिले आणि रोग्याच्या रोगाचे शमन हे दुसरे. प्रतिबंध ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली, असे मानण्याचे कारण नाही. त्याच ग्रंथात 'प्रज्ञापराध' हा मार्मिक शब्द येतो: बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे मनुष्याच्या हातून घडणारे अहितकर कर्म. आमचे पहिले पत्रक नकळत या एकाच शब्दावर उभे होते. तुम्हांला रोग झाला, कारण तुमचे चुकले.

परंतु चरकाने एवढेच सांगितले नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात संपूर्ण जनपदाचा नाश करणाऱ्या व्याधींची चर्चा आहे. प्रकृती, आहार, बळ, वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का ग्रासली जातात, असा प्रश्न तेथे विचारला आहे. उत्तर असे की, वायू, जल, देश आणि काळ ही सर्वांना समान असलेली चार तत्त्वे बिघडतात. आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो, ज्याचा आरंभ देशाच्या, नगराच्या, जनपदाच्या प्रमुखांपासून होतो. वर्णन साथींचे आहे; पण चारांतील एक प्रौढ जेव्हा एकाच व्याधीचा धनी होतो, तेव्हा तोही जनपदाचाच रोग होय. तेथे प्रत्येकाचे वेगळे चुकले, असे म्हणून भागत नाही.

आपल्या मुलखातील देश आणि काळ कसे पालटले, ते पाहू. आमच्या आजोबांच्या पिढीला चालण्याचा व्यायाम कोणी सांगितला नव्हता. कुळागर, शेत, देऊळ आणि बाजार यांनीच तो करवून घेतला. आज पेडण्यातून रुंद महामार्ग जातो, मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून वाहता झाला आहे. भरधाव गाड्यांच्या कडेने काठी टेकीत चालण्याचा सल्ला म्हाताऱ्यास देणे हा विनोद ठरेल. डिचोली तालुक्याने खाणींच्या भरभराटीची धूळ खाल्ली, आणि २०१२ व २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा हातचे उत्पन्नही गमावले. हातात पैसा होता तेव्हा श्रम सुटले, पैसा गेला तेव्हा भाजी महागली. पावभाजी आणि गोड चहा मात्र दोन्ही काळांत स्वस्तच राहिले.

मिठाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पेडण्यातील आगरवाडा या गावाच्या नावातच मिठागर आहे. गोमंतकाचे मीठ एके काळी दूरवर जाई; १८७८ च्या आंग्ल-पोर्तुगीज करारान्वये त्यावर ब्रिटिशांचा ताबा आला आणि त्या व्यवसायाला मोठा धक्का बसला. पावसाळ्याचे चार महिने निभावण्यासाठी आपल्या घरांनी कैऱ्या मिठात मुरविल्या, बांगडे खारवले. त्या घरांत पंधरा माणसे असत, पेजेबरोबर अळसांद्यांची भाजी असे, आणि मीठ घामावाटे जाई. आज माईंच्या घरी पेज आहे, कैरी आहे, माणसे नाहीत. एकट्या जिवासाठी भाजी चिरून फोडणीला टाकण्याचा उत्साह राहत नाही. म्हणजे त्यांच्या पानात जे मीठ अधिक पडते, त्याचे कारण जिभेचा लोभ नसून घराचा रितेपणा आहे. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा पत्रकात छापणे सोपे. रितेपणाचे काय करावे, ते कोणत्याही पत्रकात मावत नाही.

ब्रिटिश वैद्य जेफ्री रोझ यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या पेचाला हात घातला आहे. या मनुष्याला रोग का झाला, हा एक प्रश्न. आणि या समाजात हा रोग एवढा का आहे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी असतात. त्यांनी आणखी एक अप्रिय सत्य मांडले: जो उपाय साऱ्या समाजाला पुष्कळ लाभ देतो, तो प्रत्येक व्यक्तीला मात्र थोडाच देतो. गावातील सर्वांनी मीठ थोडे कमी केले तर काही पक्षाघात निश्चित टळतील. परंतु ते कोणाचे टळले, हे कोणालाच कळणार नाही. जो त्याग करतो त्याला फळ दिसत नाही. म्हणूनच एकेकट्याला धाक घालून असा त्याग फार दिवस करवून घेता येत नाही. तो सर्वांनी मिळून, सर्वांसाठी करावयाचा असतो.

हे शक्य आहे काय? फिनलंडमधील उत्तर कारेलिया हा प्रांत हृदयविकाराने तरुण पुरुष मरण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. तेथील लोकांनी स्वतःच सरकारकडे दाद मागितली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. लोणी-दुधावर जगणारा तो मुलूख. तेथे केवळ उपदेश झाला नाही. गृहिणींच्या संघटनेने परिचित पदार्थच नव्या रीतीने शिजवून गावोगाव जेवणे घातली, कारखान्यांनी पदार्थांतील मीठ व चरबी उतरविली, दूधदुभत्यावर अवलंबून असणाऱ्यांना फळांच्या लागवडीकडे वळविण्याचे प्रयत्न झाले. सुमारे पस्तीस वर्षांत कामकरी वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. फार लांब जावयास नको. गोव्याने धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९७ मध्येच केला, देशव्यापी कायद्याच्या सहा वर्षे आधी, त्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्यांची चिकाटी होती. परिस्थिती बदलली की सवयीला बदलणे सोपे जाते.

येथे कोणी विचारील: कारेलियाचे फळ मध्यमवयीनांना मिळाले, सत्तरी गाठलेल्यांना आता पथ्य सांगून काय उपयोग? उपयोग आहे. ऐंशी व त्यापुढील सुमारे ३,८०० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, वाढलेल्या रक्तदाबावर सौम्य उपचार केल्याने एकूण मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्याचे आढळले. 'आता काय राहिले' हे म्हाताऱ्यांविषयी तरुणांनी परस्पर ठरविण्याचे वाक्य नव्हे. पण त्याच वर्षी दुसरा धडाही मिळाला. मधुमेहींची साखर अगदी निरोग्यासारखी खाली आणण्याचा अमेरिकेतील एक मोठा प्रयोग, कडक उपचारांच्या गटात मृत्यू वाढल्याचे दिसताच आवरता घ्यावा लागला. वृद्धाची साखर अति उतरली तर भोवळ येते, पडून हाड मोडते. तरुणाचे माप वृद्धाला लावू नये, हे वैद्यकच आज सांगते. प्रतिबंधाच्या उत्साहालाही पथ्य असते.

मग अधिकाराचा प्रश्न उरतोच. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील पाचव्या सर्गात तपाने कृश झालेल्या पार्वतीपुढे शिव बटूच्या वेषात येतो. शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण तो तिला देतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी तो काय विचारतो? समिधा व दर्भ सहज मिळतात ना, पाणी स्नानाजोगे आहे ना, आपल्या शक्तीनुसारच तप करतेस ना. आधी विचारपूस, मग उपदेश. आणि निर्णय अखेर तिचा. आम्हांस वाटते, समाजाचा अधिकार एवढाच आहे आणि तो याच क्रमाने येतो. ज्याने पाण्याची चौकशी केली नाही, त्याने शरीराचा उपदेश करू नये.

स्वेच्छेच्या बंधनाचे सामर्थ्य आपल्याला परके नाही. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीचे धोंड जत्रेपूर्वी काही दिवस व्रतस्थ राहतात, तळीवर स्नान करतात, सात्त्विक अन्नच घेतात. त्यांना कोणी पत्रक वाटीत नाही. तेच लोक एरवी वैद्याचे पथ्य तीन दिवसही पाळणार नाहीत. फरक कशात आहे? व्रत मनुष्य आपणहून घेतो, चारचौघांच्या संगतीने पाळतो, आणि त्यामुळे त्याचा मान वाढतो. पथ्य त्याच्यावर लादले जाते, एकट्याने पाळावे लागते, आणि त्याने पंक्तीत मान खाली जाते. आरोग्याची मोहीम व्रताइतकी पवित्र व्हावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिने पथ्याला संगत आणि मान मिळवून द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आणि येथे आपल्या जुन्या घराण्यांनी स्वतःकडे पाहणे आवश्यक आहे. आग्रह हा आपला कुलाचार. मधुमेही पाहुण्याच्या पानात 'एवढ्याने काय होते' म्हणून गोड वाढणारा हात प्रेमाचा असतो, पण तो त्याच्या निर्धाराचा अवमान करीत असतो. ज्याने 'पुरे' म्हटले त्याचे ऐकणे, हेच आता आतिथ्य मानले पाहिजे. शिवाय, आपल्या चौकात वैद्य येऊन जातो. आपल्या भाटांत आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या वाड्यावर तो जातो काय, हे पाहण्याचे उत्तरदायित्वही आपलेच. मोहीम देवळाच्या मंडपापाशी थांबली, तर ती ज्यांना सर्वाधिक हवी त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

तेव्हा नियोजन करणाऱ्यांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, तपासणीइतकेच महत्त्व तिच्यानंतरच्या महिन्यांना द्यावे. रक्तदाबाचा आकडा चिठ्ठीवर लिहून देणे आणि गोळी कोठे, कधी, कोण आणून देणार ते न सांगणे, हे अर्धसत्य आहे. मोहिमेचे यश पहिल्या दिवशी किती आले यावर न मोजता, सहाव्या महिन्यात किती जण पुन्हा आले यावर मोजावे. दुसरी, योजना ठरविताना वृद्धांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, बैठकीत बसवावे. व्याख्यानाचे श्रोते म्हणून नव्हे, ठरविणारे म्हणून. तिसरी, पथ्य सामूहिक करावे. भजनी मंडळ आहे, तेथेच आठवड्यातून एकदा नाचण्याची आंबील, उसळ, कमी मिठाची भाजी असे साधे जेवण व्हावे. संध्याकाळचे चालणे देवळाच्या प्राकारात चारजणांनी मिळून व्हावे.

यांतून किती मधुमेह टळतील, हे आम्ही सांगू शकत नाही. मोहिमेनंतरही कोणी म्हातारा सर्व ऐकून घेऊन, सर्व समजून, आपली विडी किंवा आपले गोड सोडणार नाही. त्याच्याकडे पुढल्या महिन्यातही तितक्याच आपुलकीने जाणे, हीच त्या मोहिमेची नैतिक कसोटी होय. ज्याने ऐकले नाही त्याला जी सोडून देते, ती मोहीम त्याच्या आरोग्याची नव्हतीच. ती आपल्या शब्दाच्या मानाची होती.

आम्ही पत्रक पुन्हा लिहिले. नकारांची संख्या दोनवर आली, तंबाखू आणि चुकविलेले औषध. उरलेल्या जागेत जवळचा दवाखाना, तपासणीचा वार आणि एकत्र जेवणाचे ठिकाण दिले. ते घेऊन माईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी ते एकदाच वाचले आणि विचारले, "जेवण कुठल्या वारी?" वार सांगितला. "मग त्या दिवशी सोलकढी मी करीन," त्या म्हणाल्या, "आणि मीठ बेताचे घालीन. पण ते सांगायला कोणी येऊ नका."